मुठीतला गाळ

आधीच सांगतो, मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. अंगात येणाऱ्या बाईसमोर मी हात जोडत नाही म्हणून सख्खी बहीण माझ्याशी आठ-आठ दिवस बोलत नाही. तेव्हा हे मी लिहितोय याचं मलाच नवल वाटतंय... पण घडलं ते घडलं.

आम्ही सीमाभागातल्या कमलनगरचे चार दोस्त – मी, दिलीप, बसवराज आणि नागनाथ. समुद्रावर जायचं, शिडाच्या बोटीत बसायचं, खोल पाण्यात बुड्या मारायच्या, हे दहावीपासून ठरलेलं. दरवर्षी कुणाचं तरी काहीतरी निघायचं. त्यात दोन वर्षांपूर्वी किडनीच्या आजारानं नागनाथ गेला. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत बसवराज म्हणाला, "आता समुद्राची वाट बघत बसलाव तर आजून एक कमी हुईल. कारंजा तर कारंजा, चला."

म्हणून आम्ही तिघं कारंजा धरणावर गेलो, भालकीच्या बाजूला. बसवराज कडगंचीच्या विद्यापीठात नोकरीला. गोव्यात आठवडाभर शिडाची बोट चालवायला शिकून आलेला, त्यामुळे अर्ध्या हळकुंडानं पिवळा. एका मासेमाराची लाकडी नाव घेतली, तिला यानं बांबू बांधून ताडपत्रीचं शीड लावलं. आम्ही खूप हसलो. पण अकराच्या सुमाराला वारा सुटला, शीड फुगलं आणि नाव खरंच निघाली की! आमच्याच जिल्ह्यातल्या कोळारच्या कारखान्यात शिफ्टा करून वाकलेला दिलीप लहान पोरासारखा ओरडत होता.

मध्यावर बसवराजनं दोराला बांधलेला दगड पाण्यात सोडला, नाव थांबवायला. ते दोघं लाइफ जॅकेट घालून पोहले. मी नावेतच. मग दिलीपनं खोडी काढली, "गुरुजी, कामून भ्यायलास? तळ आण की हितला! हिरीत सगळ्यात पयला तूच आणला व्हतास."

आमच्याकडं पोरं विहिरीत पोहायला शिकतात. तळाशी जाऊन मूठभर गाळ आणायचा आणि वर येऊन सगळ्यांना दाखवायचा. तो आणेपर्यंत पोराला पोहता येतं असं कुणी मानत नाही. मी अकराव्या वर्षी आणला, अशी माझी ख्याती.

ती खोटी होती. त्या दिवशी अर्ध्यातच माझे कान ठणकले आणि मी मागं फिरलो. नागनाथ खालून येत होता. त्यानं आपल्या हातातला गाळ माझ्या मुठीत कोंबला आणि मला वर ढकललं. मी वर येऊन हात उंचावला. तो रिकाम्या हातानं आला, सगळे त्याला हसले, आणि तोही हसला. तो हे कधीच कुणाला बोलला नाही. मीही नाही.

वय सेहेचाळीस, बीपीची गोळी चालू. नाही म्हणायला हवं होतं... पण पस्तीस वर्षं फुकटची शाबासकी खाल्लेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. मी जॅकेट काढलं आणि सूर मारला.

विहिरीत हाताला भिंत लागते. इथं काहीच नव्हतं. हिरवं पाणी, मग काळं. तळ येईना. मी वळलो, पण वर कुठं आणि खाली कुठं तेच कळेना. छाती फुटायला आली. पोरीचा बारावीचा फॉर्म भरायचा राहिलाय, एवढंच डोक्यात आलं.

आणि कुणीतरी माझी उजवी मूठ उघडली.

शांतपणे. आत थंडगार गाळ ठेवला. बोटं एकेक करून मिटवली. मग कमरेला खालून धक्का बसला – जोरात – आणि मी उजेडात आलो.

"मेलास म्हणलो की रे!" दिलीप रडत रडत शिव्या देत होता. त्यांनी मला ओढून नावेत घेतलं. मग त्याचं लक्ष माझ्या मुठीकडं गेलं. "आरं... आणलास की!"

बसवराज दोर ओढत होता. दगड वर आला. स्वच्छ, धुतल्यासारखा. "गुरुजी, ह्यो दगड तर तळाला टेकलाच न्हाई," तो हळूच म्हणाला. दोर चाळीस फुटांचा तरी होता. काठावर नाववाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "तितं पाण्याखाली जुना नाला हाय साहेब. दोन दोर जोडलं तरी तळ लागत न्हाई."

काठावरच भाकरीचं फडकं सोडून बसलो. शेवटी मी बोललो, "हिरीतबी मी तळ आणला नव्हता. नाग्यानं दिला व्हता."

दिलीपनं हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाला, "मला बी त्यानंच दिलता."

बसवराजनं आमच्या दोघांकडं पाहिलं, मग स्वतःच्या मुठीकडं. "म्हंजे पोहता येणारा आपल्यात योकच व्हता," म्हणाला आणि तोंड फिरवलं. आम्ही तिघंही रडलो. नागनाथच्या मातीलाही मी इतका रडलो नव्हतो.

मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की भास होतात, हे मी वर्गात शिकवतो. धक्का भास असेल, बोटंही भास असतील. पण गाळ त्या दोघांनीही पाहिला.

तो जाईपर्यंत गावात रोज भेटत होतो, आणि 'तू दिलास' एवढं त्याला एकदाही म्हणालो नाही. आता म्हणायचं आहे, तर कुठं जाऊन म्हणू?