मांडवात थबकणारी चाल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि माझं काहीच तिच्यापासून लपत नाही असा तिचा समज आहे. तुम्हाला सांगतो.

आमच्याकडे हळद म्हटली की बेंजो पार्टी लागते, आणि बेंजो म्हटला की रेवसपासून माणगावपर्यंत माझं नाव निघतं. उगाच नम्रपणा कशाला? हात आहेच माझा तसा. त्यात ती चाल — सुसाट सुटलेली, मध्येच थबकणारी, मग लाडात येत हळूहळू पुन्हा उसळणारी. लोक हात वर धरून त्या थांब्याची वाट बघतात. हळदीत नाचणाऱ्यांना असं थांबवायचं धाडस दुसऱ्या कुणी केलं असतं का?

केलं होतं. मी नव्हे.

दिघीचा सलीम माझा दोस्त, बोटीवर खलाशी. कुठल्याशा बंदरातून त्याने एक कॅसेट आणली — हंगेरीकडचे नाच. तिथल्या भटक्या व्हायोलिनवाल्यांच्या चालींवरून कुण्या मोठ्या संगीतकाराने बांधलेले, भल्यामोठ्या वाद्यवृंदाने वाजवलेले. सलीमचा जीव त्या कॅसेटमध्ये. तरी ऐकायला म्हणून मला दिली. मी चाल उचलली, थांब्यासकट — आणि त्याला सांगितलं, टेपमध्ये अडकून कॅसेट तुटली. तो म्हणाला, जाऊ दे.

चाल उचलल्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. त्या संगीतकारानेही उचललीच होती. पण कुठून घेतली ते त्याने कव्हरवर छापलं होतं — नाही का?

मग एका हळदीला सलीम पाहुणा म्हणून आला. थांबा आला आणि त्याचा चेहरा उजळला. रागावला नाही हो — आनंदला. सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, ही तर माझ्या कॅसेटमधली. हिथंच थांबतात ते."

आणि मी? माईक माझ्याच हातात होता.

"सलीमभाई, बोटीवर ऱ्हाऊन तुमच्या कानात खारं पानी गेलंय."

अख्खा मांडव हसला. सलीमही हसला, आणि न जेवता निघून गेला. त्याचं ते हसणं आठवलं की मला माझीच किळस येते.

कॅसेट शाबूत आहे, माझ्या कपाटात. चाल मी अजून वाजवतो, परवाही वाजवली. सलीम आता घरीच असतो. भेटला की तब्येत विचारतो, पोरांची चौकशी करतो. पूर्वी रस्त्याने चालताना तो हीच चाल गुणगुणायचा. माझ्यासमोर तरी आता गुणगुणत नाही.