न गेलेल्या सहलीचा किल्ला

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. चार माणसं महिन्यातून एकदा एकत्र बसली, की एकजण काहीतरी सांगतो, दुसरा त्यात मीठमसाला घालतो, तिसरा म्हणतो, "छे, तसं नव्हतंच ते!" आणि चहा संपेपर्यंत एकाचे तीन किस्से झालेले असतात. आमच्याकडे तर एकट्या कुलाबा किल्ल्याचे इतके किस्से साठलेत, की तो बांधायला दगडसुद्धा एवढे लागले नसतील!

आमच्याकडे म्हणजे आम्हा चौघांकडे. सगळे गंगापूरच्या शाळेतले, दहावी ब. भगवान अजून गंगापुरातच आहे, ऊस लावतो. शकू फुलंब्रीला अंगणवाडीवर आहे. रफिकचा शहरात फोटो स्टुडिओ आहे. आणि मी मंगल, त्याच शहरात पुंडलिकनगरात राहते, घरचं बघते आणि दिवाळीत चकलीच्या ऑर्डरी घेते. महिन्याच्या एका रविवारी तिघं माझ्याकडे येतात. थालीपीठं होतात, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "ती सहल आठवती का?"

त्यांना आठवते. मी गेलेच नव्हते.

*

दहावीची सहल अलिबागला जायची होती. समुद्र, आणि समुद्रातला कुलाबा किल्ला. मी तोवर आमच्याकडच्या नाथसागर धरणाहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं. पैसे भरले होते, मावशीची पिशवी आणून ठेवली होती, चिवडासुद्धा बांधला होता. आणि निघायच्या आदल्या दिवशी वडील म्हणाले, "उद्या तुला बघायला येणारेत. सहल काय, पुढं कधीबी होईल."

ज्या सकाळी माझा वर्ग एसटीत बसून गाणी म्हणत निघाला, त्या सकाळी मी आईची साडी नेसून पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. मुलाच्या मामांनी मला विचारलं, "शिक्षण पुढं करायचं म्हणती का?" मी खाली बघून मान हलवली. कशी हलवली ते मलाच आठवत नाही.

पाहुणे दोन दोन बशा पोहे खाऊन गेले ते गेलेच. निरोपसुद्धा पाठवला नाही. सहलही बुडाली आणि स्थळही!

*

सहलीहून परत आल्यावर वर्गात महिनाभर दुसरं काही नव्हतंच. भगवान तटावरच्या तोफेवर बसला होता. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नुसता बसला होता. बारावीत सांगितलं तेव्हा त्याने ती चाकांच्या गाड्यावरची तोफ ढकलून बघितली होती. त्याच्या लग्नात मला कळलं, की ती हललीही होती!

शकूचा किस्सा विहिरीचा. चहूकडे खारं पाणी आणि किल्ल्यात मात्र गोड. "पाच ओंजळी प्याले गं! नारळपाणी म्हणशील तर तसं." तटाचे दगड चुना न लावता नुसते एकावर एक रचलेत, हेही तिनंच मला सांगितलं. मी रात्री डोळे मिटून ते दगड रचत बसायची.

रफिकने तेव्हा मामाचा कॅमेरा नेला होता. बुरुजावरून त्याने छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले, आणि घरी आल्यावर रोल बाहेर काढताना कॅमेरा उजेडात उघडला. एकही फोटो आला नाही. "क्या करता मंगल," तो आजही मान हलवून म्हणतो, "पूरा किला धूप में गया!"

*

हे सगळं मी इतक्या वेळा ऐकलं, की काय सांगू. एकदा गल्लीत हळदीकुंकू होतं. नवीन राहायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्यात अलिबागला कुणी गेलंय का? आम्हाला जायचंय मुलांना घेऊन."

मी सुरू झाले. दरवाजावर दगडात प्राणी कोरलेत, आत गेल्यावर वाट कुठं वळते, गणपतीचं देऊळ कुठं, विहिरीच्या पायऱ्या कशा, तटावर उभं राहिलं की वारा पदर कसा ओढतो. बायका वाण हातात घेऊन ऐकत राहिल्या. त्या बाई म्हणाल्या, "किती छान सांगता हो! डोळ्यांसमोर उभा केलात."

शकू त्या दिवशी मुक्कामाला माझ्याकडेच होती. ती कोपऱ्यातून ओरडली, "अगं पण तू आली कुठं होतीस!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन देवापुढं दिवा लावताना मात्र मला रडू आलं. शकू मागं उभी होती. ती काहीतरी बोलायला आली, आणि "लई थकलीस तू, झोप," एवढंच म्हणून आत गेली.

*

मग यंदा संक्रांत झाल्यावर मीच म्हटलं, "मला न्या. मला त्या किल्ल्यात उभं राहायचंय, आणि तिथला एक फोटो पाहिजे. माझ्या हातचा."

वाटलं होतं तिघं उड्या मारतील. तर तिघं एकमेकांकडे बघायला लागले! भगवान म्हणाला, "लई लांब हाये." शकू म्हणाली, "आता काय राहिलं असेल तिथं." रफिक बराच वेळ चष्मा पुसत होता. शेवटी तोच म्हणाला, "ले जाना पडेगा रे. हौ, चलो."

आमच्या ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "समुद्रात काय बघायचं? पाणीच की!" पण दुसऱ्या दिवशी न मागता मला नवे बूट आणून दिले.

फोटो माझ्या हातचा पाहिजे म्हटल्यावर रफिकने मला शिकवायला घेतलं. स्टुडिओतला एक जुना कॅमेरा दिला आणि सरावाला दौलताबादला नेलं. मी दिवसभर किल्ला, दरवाजे, मिनार, माकडं, सगळ्यांचे फोटो काढले. संध्याकाळी त्याने ते कॉम्प्युटरवर लावले. एकेक फोटो पुढं सरकत होता, तसा तो गंभीर होत गेला.

"बोल ना, कसे आलेत?"

"किला भी है, माकड भी है," तो म्हणाला, "पण हिरो प्रत्येकात एकच. मंगल, तेरा अंगूठा बहुत फोटोजेनिक है!"

*

पहाटे पाचला भगवानच्या गाडीतून निघालो. घाट उतरलो तसा वारा चिकट लागायला लागला. शकूने दहा दशम्या आणि ठेचा बरोबर घेतला होता, ते सगळं पनवेलच्या अलीकडेच संपलं. दुपारी चारला गाडीतून उतरलो आणि मी पहिल्यांदा समुद्र पाहिला.

काय सांगू! मला वाटलं होतं मोठा असेल. पण तो मोठा नव्हता, त्याला कडाच नव्हती. आणि त्याच्या मधोमध काळा, लांबलचक, अगदी मी रचला होता तसाच किल्ला.

फक्त आमच्या आणि किल्ल्याच्या मध्ये पाणीच पाणी!

"चालत जाता येतं म्हणाला होतात ना?" मी विचारलं.

भरती-ओहोटी आम्हाला भूगोलात होती, दोन मार्कांना. चौघांनीही ऑप्शनला टाकली होती हे तेव्हा कळलं! निघताना वेळ बघायची असते हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. भगवान पाण्याकडे बघत पुटपुटला, "मागल्या टायमालाबी असंच..." तेवढ्यात शकूने त्याला असा चिमटा काढला, की तो पायातल्या चपलेतून बाहेर आला.

जवळ एक घोडागाडीवाले काका होते. भगवान तडक त्यांच्याकडे गेला. आमच्या भागात कालव्याला पाळीनं, म्हणजे आवर्तनानं, पाणी सुटतं ते कुणीतरी सोडतं म्हणून, आणि बंद होतं ते कुणीतरी करतं म्हणून. त्यामुळे त्याने अगदी अदबीनं विचारलं, "काका, हे पाणी बंद कवा होतंय? आवर्तन कितीचं असतंय?"

काकांना काही कळेना. "कसलं आवर्तन?"

"न्हाई, म्हंजी... सोडतंय कोण? सायबाचा नंबर असंल तर द्या, मी बोलतो की!"

काकांनी घोड्याकडे पाहिलं. मग आभाळाकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब वर असतात. चंद्र म्हणतात त्यांना. फोन नाही उचलत."

*

काका म्हणाले, आज ओहोटी सकाळी दहाला होऊन गेली, उद्या पावणेअकराच्या पुढं होईल. रोज पाऊण तास उशीर.

"आमच्या गावच्या गाडीसारखंच हाये की!" भगवान म्हणाला.

काका म्हणाले, बोट जाते. पण शकू बोटीकडे बघूनच खाली वाळूत बसली. आणि वारा सुटला म्हणून थोड्या वेळात बोटीवाल्यांनीही बोटी ओढून ठेवल्या. इथं माझा धीर सुटला. कारण आमची एकच रात्र ठरली होती, तीही परतीच्या वाटेवर पुण्यात, शकूच्या भावाकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी भगवानच्या उसावर तोडणीची टोळी येणार होती. टोळी चुकली तर ती दुसऱ्याच्या फडात जाते आणि पुन्हा कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही.

मी म्हटलं, "जाऊ द्या. इथूनच फोटो काढते एक. दिसतोय की चांगला." कॅमेरा डोळ्याला लावला. किल्ला त्या चौकोनात इतका लहान दिसत होता, की बोटाच्या पेराएवढा. मला बटण दाबवेना. डोळ्यांत वारा गेला म्हणाले मी. आणि पाठ फिरवून उभी राहिले.

मागं भगवान फोनवर होता. मोठ्यानेच बोलतो तो. "मुकादम, टोळी दुसऱ्याकडं घाला... व्हय, माहीत हाये मला... वाळला तर वाळू द्या थोडा. मी नाय येत उद्या... कुठं म्हंजी? समुद्रावर बसलोय. पाणी उतरायची वाट बघत!"

पलीकडून मुकादम काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. पण भगवान म्हणाला, "न्हाई, पिलेलो न्हाई."

*

त्या रात्री आम्ही तिथंच लॉजवर राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून चौघं वाळूत ओळीनं बसलो, लग्नात पंगतीची वाट बघत बसतात तसे. आणि पाणी खरंच उतरायला लागलं! कुणी काही करत नव्हतं, आवाज नव्हता. आधी खडकांची डोकी दिसली, मग ओली वाळू, मग तिच्यावर बारीक बारीक शिंपले. अकराच्या सुमाराला काका ओरडले, "जा आता! दीड तासात परत या. साहेब थांबत नाहीत!"

मी नवे बूट हातात घेतले आणि निघाले. पुढं मी, मागं ते तिघं. कुठं कुठं पाणी घोट्याला लागत होतं. पायाखाली समुद्राची जमीन होती, आणि मी पस्तीस वर्षं उशिरा का होईना, माझ्या वर्गाबरोबर सहलीला निघाले होते. मला पळावंसं वाटत होतं. पन्नाशीची बाई पळताना कशी दिसेल म्हणून मी भरभर चालले.

मी मध्येच वळून विचारलं, "भगवान, तुझी तोफ कुठल्या अंगाला रे?"

"असंल की... तिकडंच," तो म्हणाला, आणि दोन्ही हात दोन दिशांना केले.

दरवाजा आला. दगडात कोरलेले प्राणी होते, जिथं असायला हवे होते तिथंच. मी हात लावला. दगड गार होता, आणि खरा होता. मी आत पाऊल टाकलं. वाट वळली, मीही वळले. पुढं देऊळ असणार हे मला ठाऊक होतं, आणि ते होतं. विहिरीच्या पायऱ्या असणार होत्या, आणि त्या होत्या. मी एकटीच चालत होते. कुणाला विचारावं लागलं नाही.

मग लक्षात आलं, मागं कुणीच नाही.

परत दरवाजाशी आले. तिघं अजून तिथंच उभे होते, शाळेत उशीर झालेली पोरं वर्गाबाहेर उभी राहतात तसे. भगवानने टोपी काढून हातात घेतली होती. रफिक मान वर करून कमान बघत होता, गळ्यातला कॅमेरा बंदच. शकूने चपला काढल्या, एक हात भिंतीला लावला, जपून उंबरा ओलांडला आणि सगळीकडे बघत, अगदी हळू म्हणाली,

"अगं माय! आत असं आहे व्हय!"

बोलून गेली आणि तिने पदर तोंडावर धरला. भगवान खाली बघत म्हणाला, "तवाबी पाणीच व्हतं; सरांनी वाळूत बसवून सांगितलं, तेवढंच." तटापलीकडे समुद्राचा आवाज येत होता.

मी तिघांकडे बघितलं. मग कॅमेरा डोळ्याला लावला, दरवाज्यात उभे होते तसाच तिघांचा फोटो काढला, आणि म्हटलं,

"या ना. आत या. मी दाखवते."