रानमांजरीच्या पुस्तकातलं एक वाक्य

घनसावंगीजवळच्या आमच्या शाळेत अक्षता खरात मॅडम चौथीला शिकवतात आणि उरलेल्या वेळात खोकड, साळिंदर, रानमांजर यांच्या मागावर हिंडतात. वाघ-सिंहांवर ढीगभर पुस्तकं आहेत, आपल्या बांधावरच्या जनावरांवर कोण लिहिणार, म्हणून त्यांनी मुलांसाठी स्वतःच लहान लहान पुस्तकं काढली. मी त्याच शाळेतला मास्तर, त्यांना ‘साळिंदरबाई’ म्हणून चिडवतो. त्या बिलकुल चिडत नाहीत.

रानमांजरीच्या पुस्तकात त्यांनी ठासून लिहिलं होतं : ऊसतोडीत पिल्लं सापडली तर उचलू नका, लांब व्हा, आई नक्की येऊन नेते.

गेल्या हंगामात भुजंगरावांच्या उसात तीन पिल्लं निघाली. बिबट्याची समजून आधी पळापळ झाली. रानमांजरीची आहेत म्हटल्यावर भुजंगराव ती घरी न्यायला निघाले, तर त्यांची नात तृप्तीच आडवी आली.

“आबा, हात नका लावू. मॅडमच्या पुस्तकात हाय, आई येती.”

नातीच्या शब्दाखातर त्यांनी तोड थांबवली. सांजेला मांजरी आली आणि दोन पिल्लं घेऊन गेली. तिसऱ्यासाठी काही ती परतली नाही. सकाळी ते पिल्लू मेलेलं सापडलं.

“मी तर घरी नेत व्हतो,” भुजंगराव एवढंच म्हणाले.

मॅडम बांधावर बसून रडल्या. पोरं आता पुस्तकावर भरवसा ठेवणार नाहीत, ही धास्ती त्यांना होती. मी म्हटलं, पिल्लूच आजारी होतं असं सांगून टाका. त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही, मग सांगू कसं?”

वर्गात त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझं पुस्तक चुकलं. आई बहुतेक वेळा येते, कधी येत नाही. का, ते मला कळलेलं नाही.” मग प्रत्येकाच्या पुस्तकात त्यांनी ते आपल्या हातानं लिहून दिलं. इतकी वर्षं मी मास्तरकी करतोय, पण पोरांसमोर असं बोलायची माझी छाती झालेली नाही.

यंदा त्याच उसात पुन्हा पिल्लं निघाली. सगळे तृप्तीकडं बघायला लागले.

“येईल बहुतेक,” ती म्हणाली. “न्हाई बी यायची. तरी लांबच व्हायचं.”

भुजंगरावांनी तोड थांबवली आणि मजुरांना घेऊन ते बांधाकडं निघाले.