नऊ वाक्यांची आत्या

"आत्या सत्तर मिनिटं कुठे होती?" राणेंनी विचारलं.

"कोण आत्या?"

"तुझीच. सुरुवातीला 'आलेच मी' म्हणून जाते, ती एकदम क्लायमॅक्सला ताट घेऊन उगवते. मधे काय, गावाला गेली होती?"

राणे आमचे प्रोड्यूसर. आधी बिल्डर होते, त्यामुळे नकाशात रिकामी खोली दिसली की अस्वस्थ होतात. मी पटकथा लिहिते. त्या वेळी एका गाजलेल्या संगीत नाटकाचा सिनेमा करायचं काम माझ्याकडे होतं आणि अंधेरीत राणेंच्या ऑफिसात पहिल्या ड्राफ्टची चिरफाड चालली होती. ब्रास बँड चालवणारं कुटुंब, दोन भावांची भांडणं, अकरा गाणी. गोदाआत्या म्हणजे या भावांचं घर सांभाळणारी आत्या.

नाटकात हा प्रश्न कुणाला पडत नाही. पात्र विंगेत गेलं, म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड गेलं, की लोक समजतात ते स्वयंपाकघरात आहे. सिनेमात कॅमेरा स्वयंपाकघरात जाऊ शकतो, आणि तिथे कुणी नसलं तर पंचाईत होते. शिवाय अकरातली सहा गाणी मी काढली होती. हिरोला वाईट वाटतंय हे स्टेजवर सांगायला त्याला सहा मिनिटं गावं लागतं. क्लोजअपमध्ये नुसतं नाक ओढलं तरी भागतं. गाणी गेली आणि सिनेमा दीड तासाचा उरला. ती जागा भरायला बाजूची माणसं वाढवणं भाग होतं.

मी आत्याला एक जुना प्रियकर दिला. पत्रांचा गठ्ठा दिला. वीस पानं झाली.

राणेंनी वाचून फाइल माझ्याकडे सरकवली. "ही आत्या नाही, ही दुपारची सीरियल आहे."

खरंच होतं, त्यामुळे चिडताही येईना.

मग मी मुलुंडला नलूताईंकडे गेले. नाटकात ही आत्या त्यांनी अकरा वर्षं केली होती. सिनेमातही तुम्हीच करणार, असं मी त्यांना माझ्या अधिकारात सांगून टाकलं होतं. लेखकाला असा अधिकार नसतो.

"एवढा वेळ विंगेत काय करायचात?" मी विचारलं.

"पहिली दोन वर्षं स्वेटर विणले. मग हिरॉइन बदलली. नवी पोरगी दिसायला छान, पण वरचा सूर काही लागायचा नाही. मग ती पाठ फिरवायची आणि ती ओळ विंगेतून मी गायचे."

"नऊ वर्षं?"

"हो. टाळ्या तिला पडायच्या, मी पुढचा टाका घालायचे. तिचं नाव कुठे घालू नकोस हं, मोठी झालीय आता."

आत्या सापडली. नव्या ड्राफ्टमध्ये तिला बँडचं प्रत्येक गाणं येत होतं, फक्त घरात कुणी तिला विचारत नव्हतं. भाऊ तालमीत चुकतात. ती आत कढई घासता घासता सूर लावते आणि बँड नकळत तिच्या सुरावर येतो. भाऊ एकमेकांची पाठ थोपटतात. असे सात प्रसंग लिहिले.

राणेंनी एका बैठकीत वाचून काढलं. "झकास. आता हा रोल मॅडमला देऊ."

मॅडम म्हणजे एक मोठी नटी.

"नलूताई करतायत ना?"

"पोस्टरवर नलूताईंना कोण ओळखतं? रोल छोटा होता तोवर ठीक होतं."

म्हणजे गोष्ट नलूताईंकडून आणायची, रोल मोठा करायचा, आणि मोठा झाला म्हणून त्यांच्याकडूनच काढून घ्यायचा. वाट मी लावली होती, तीही चांगलं लिहून. दोन दिवस मी नलूताईंचा फोन उचलला नाही.

पटकथेच्या पानावर संवाद मधोमध असतात, पात्राच्या नावाखाली. पात्र काय करतं ते पानाच्या पूर्ण रुंदीत लिहिलेलं असतं. नट आधी मधला भाग बघतात. काही नट तेवढाच बघतात. आत्याची साठेक वाक्यं होती. मी नऊ ठेवली. प्रसंग मात्र एकही काढला नाही, उलट एक वाढवला.

मॅडमचा मॅनेजर आला. उभ्याउभ्याच त्याने पानं उलटली. "सर, नऊ लाइन्स? मॅडम असले रोल करत नाहीत." आणि गेला.

राणे माझ्याकडे वळले. "रोल कापलास?"

"सीन मोजा."

त्यांनी बोट लावून मोजले. दोनदा. "लबाड आहेस तू. बोलाव नलूताईंना."

जिंकले, असं वाटलं. पानं नलूताईंना पाठवली, आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला. "वर्षा, नाटकात माझी चौदा वाक्यं होती. तू वाढवणार होतीस ना गं?"

मी मॅडमपासून सगळं खरं सांगितलं. त्याने त्या जास्तच दुखावल्या. शूटिंगपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

पहिल्या दिवशी सेटवर आल्या त्या थेट ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर खरे बँडवाले होते. त्यांना चार वेळा चुकीचं वाजवा, मग सुरात या, असं सांगून ठेवलं होतं. नलूताईंनी कढई घासत सूर लावला, आणि ते लोक दुसऱ्याच वेळी सुरात आले. दिग्दर्शकाने तोच टेक ठेवला. बँडमास्तर मात्र ओशाळला. म्हणाला, "चुकायचं राहूनच गेलं, साहेब."

चहा घेताना नलूताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "इथे वाक्य नको होतं, खरं आहे." एवढंच.

सिनेमा तीन आठवडे चालला. परीक्षणांत दोन्ही भावांना मिळून एक ओळ आणि आत्याला अख्खा परिच्छेद होता. आत्याची आयडिया आपलीच, असं राणे सगळीकडे सांगतात. मी शिकले ते एवढंच, की बाजूचा रोल वाढवायचा तर तो वाढलाय हे कागदावर दिसू देऊ नये.

परवा नलूताईंचा फोन आला होता. तीन कामं आली आहेत म्हणाल्या, तिन्ही मोठ्या बॅनरची. "एकात मी मुकी आहे, दुसऱ्यात कोमात, आणि तिसऱ्यात भिंतीवरच्या फोटोत."