मेन्नाबाईंच्या भुवया

मेन्ना प्रॉसर आधी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा कुणीतरी सुचवलं, बसून करायचं काम घे, आणि ती आधारविभागात आली. वेल्सच्या दरीतल्या त्या माध्यमिक शाळेत ज्या मुलांना लिहायला, वाचायला किंवा नुसतं वर्गात टिकायला जड जातं, त्यांच्या शेजारी बसायचं, ही तिची नोकरी. बसून करायचं काम असं म्हणणारा माणूस ती अजून शोधते आहे.

बेका हॉपकिन तिच्या वाट्याला आली ती सातवीत. मुलगी हळूहळू का होईना, वाचायची. बोलायलाही ठीक. पण लिहायचं म्हटलं की तिचा हात आणि डोकं एकमेकांशी अबोला धरायचे. म्हणून बेकाने सांगायचं आणि मेन्नाने उतरून घ्यायचं. परीक्षेतही तिला हीच मुभा होती. अट एकच, मुलगी बोलेल तेच लिहायचं, चुकलेलं असलं तरी. सुचवायचं नाही, खुणावायचं नाही. मेन्ना या बाबतीत अगदी सोवळ्यातली. बेकाचा एक शब्द आपण आजवर बदललेला नाही, हे ती चारचौघांत ऐकवायचीसुद्धा.

शाळेच्या शेवटच्या वर्षी, अकरावीला, इंग्रजीत पास झाली, तर बेकाला कॉलेजात जनावरांच्या देखभालीचा अभ्यासक्रम मिळणार होता. नापास झाली तर नाही. आजोबांच्या मेंढ्यांमागे वाढलेल्या त्या पोरीला दुसरं काही नकोच होतं.

घोळ झाला तो जानेवारीच्या सराव परीक्षेत. छोट्या खोलीतलं टेबल भिंतीला टेकवलेलं होतं, म्हणून पर्यवेक्षकाने मेन्नाला बेकाच्या मागे बसवलं. एरवी दोघी समोरासमोर बसत. बेकाने पहिला प्रश्न वाचला, तोंड उघडलं आणि मान मागे वळवली. पुढे बघ, असं पर्यवेक्षकाने सांगितलं. मग ती पुढेच बघत राहिली आणि पेपर जवळजवळ कोरा गेला.

घाबरली असेल, असं विभागप्रमुख गेथिन रोसर म्हणाले. रात्री नीट झोपली नाही, असं आईचं मत पडलं. मेन्नाला दोन्ही पटेना. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आधारविभागात मुलांसाठी टोस्ट भाजता भाजता तिने बेकालाच विचारलं.

"तुमचा चेहरा दिसत नव्हता ना, मिस," बेका म्हणाली.

"माझ्या चेहऱ्याचं तिथे काय काम?"

"मी अर्धं बोलते आणि बघते. तुमच्या भुवया वर गेल्या की ते चूक. मग दुसरं काहीतरी बोलते. खाली आल्या की पुरं करते." टोस्ट तोंडाजवळ नेता नेता ती थांबली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मेन्ना मनातल्या मनात हिशेब करू लागली. तिने एक शब्द बदलला नव्हता, हे खरं. मग चार वर्षांचे ते मार्क कुणाचे? बेकाचे म्हणावेत तर लबाडी, आपले म्हणावेत तर ती स्वतः परीक्षेला कधी बसलीच नव्हती. तिने सगळं रोसरांच्या कानावर घातलं. ते आधी हसले, मग म्हणाले की यापुढे कोऱ्या चेहऱ्याने बसायचं.

चेहरा कोरा ठेवणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. मेन्ना घरी आरशासमोर उभी राहून सराव करू लागली. नवऱ्याने, अ‍ॅलनने, दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "अगं, दाढ दुखतेय का?"

बेकाला तिने सगळं समजावून सांगितलं होतं, तरी आठवड्याभरात पोरगी विचारू लागली, "मिस, माझं काही चुकलं का?" मेन्ना 'नाही' म्हणायची, पण त्या दगडी तोंडाने म्हटलेलं 'नाही' कुणाला खरं वाटणार? बेकाचं बोलणं कमी झालं. टोस्ट खायला यायचीही थांबली. आपण हिला उभं करतोय की वाऱ्यावर सोडतोय, हे मेन्नाला समजत नव्हतं. रोसरांना विचारावं तर ते म्हणत, धीर धरा. कशासाठी, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

मे महिन्यात खरा पेपर आला. उताऱ्यात एक म्हातारा शेत विकून शहरात निघालेला असतो. कुत्रा शेजाऱ्याकडे सोपवताना तो त्याच्यावर खेकसतो आणि मागे न बघता चालू लागतो. तो का खेकसला, असा प्रश्न होता. मेन्नाच्या मनात उत्तर तयारच होतं. बिचाऱ्याला दुःख झालं, ते रागातून बाहेर पडलं.

बेकाने उतारा पुन्हा वाचला. तिने मेन्नाकडे बघितलं. मेन्नाने नजर टेबलाच्या कडेवर रोवली.

"त्याने मुद्दाम केलं," बेका म्हणाली आणि थांबली. मेन्नाच्या कपाळाला मुंग्या आल्या. तिने तेवढं लिहिलं आणि पेन धरून बसली. अखेर बेकाच पुढे बोलू लागली. "कुरवाळलं असतं तर कुत्रा फाटकाशी वाट बघत बसला असता. रागावलं की तो शेजाऱ्याबरोबर जाईल. म्हातारा रागावलेला नव्हताच. कुत्र्याला ते कळलं नसेल, पण नव्हता."

मेन्नाने शब्द न् शब्द उतरवला.

बाहेर आल्यावर बेकाने विचारलं, "ते कुत्र्याचं बरोबर होतं का, मिस?"

"मला माहीत नाही," मेन्ना म्हणाली. बेका कुत्र्याबद्दल बोलली की आपल्या कोऱ्या चेहऱ्याबद्दल, हे विचारायचा मेन्नाला धीर झाला नाही.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. बेका काठावर पास झाली. तिच्या आईने मेन्नाला मिठी मारली, रोसरांनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. मेन्ना बरं बरं म्हणत राहिली. चेहरा कोरा नसता, तर 'त्याने मुद्दाम केलं' इथे तिच्या भुवया वर गेल्या असत्या, आणि बेकाने ते वाक्य तिथेच टाकून दिलं असतं. चार वर्षांत अशी किती वाक्यं टाकून दिली असतील, आणि त्यांत काय होतं, हे आता बेकालाही आठवत नव्हतं.