बांगडीच्या आत

अंगावर आलेल्या राक्षसाचं तोंड आपल्याकडे वळवून घ्यायचं आणि बाकीच्यांना त्याच्या पाठीमागे ठेवायचं, याला आमच्या ऑनलाइन खेळात टँकचं काम म्हणतात. ते शिवमूर्तीअण्णा करत. सास्तूरला, माझ्या माहेरच्या गल्लीत, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा, चाळिशी उलटलेला हा माणूस कानाला हेडफोन लावून आम्हा तिघांना सांभाळायचा. तिघं म्हणजे मी, माझा भाऊ महेश आणि त्याचा तेर गावचा मित्र नितीन. मी लग्न होऊन धाराशिवला आले होते. माहेरची माणसं कानाशी बोलतात म्हणून खेळू लागले आणि मग खेळाचाच नाद लागला.

या खेळात मार बसण्याआधी जमिनीवर लाल आकार उमटतो. अण्णांनी आकारांना आपल्या घरातली नावं दिली होती. पसरत जाणारं ते सूप, सरळ पट्टा ते दांडकं, भरीव गोल ती परात. "सूप आलं की त्याचं तोंड माझ्याकडं. तुमी पाठीमागं ऱ्हावा, लई शहाणपणा करू नका," असं ते बजावत. परात त्यांच्याभोवती उमटली की राक्षसाला ओढत आमच्यापासून लांब जात. मी मदतीला धावले तर म्हणत, "हे माझ्या ताटातलं हाय. तू हात घालू नको."

खरी पंचाईत बांगडीची. राक्षस पाय आपटतो, सगळा पडदा हादरतो आणि भोवती रुंद लाल कडं उमटतं. वाचायचं तर बाहेर पळून चालत नाही, आत शिरून टँकजवळ उभं राहावं लागतं. मी आणि महेश त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्याने वसवलेल्या गावात वाढलो. जमीन हलली की मोकळ्यात पळायचं, हे आम्हाला पाटी-पेन्सिलीच्या आधी शिकवलेलं. पडदा हादरला की बोटं आपोआप बाहेर पळत आणि आम्ही मरत असू. नितीन पोट धरून हसायचा. अण्णा हसत नसत. त्यांचा आवाज एकदम चिरका व्हायचा. "बाहेर न्हाय, आत या. माझ्यापाशी या."

"खेळच आहे अण्णा, पुन्हा सुरू करू," मी म्हणायचे.  

अण्णांनी लग्न केलं नव्हतं. घरात अंथरुणाला खिळलेली आई. तिचं सगळं ते करत, पण झोपायला घराबाहेर, पत्र्याच्या शेडखाली. थंडी असो, पाऊस असो, बाज तिथेच.

एका दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा दुकानात बसून, घराबाहेर का झोपता म्हणून त्यांना सरळच विचारलं. हातातली तांब्याची तार ते गुंडाळत राहिले.

"म्या बारा वर्सांचा हुतो. पहाटं हादरलं तसा अंगणात पळालो. आई आन् महानंदा मधल्या खोलीत. महानंदा म्हंजी माझी धाकटी बहीण. म्या वरडलो, बाहेर ये. माझं लई ऐकायची ती. दारापतूर आली आन् दारावरचं दगडमातीचं माळवद खाली आलं."

"आणि आई?"

"मधली खोली पडलीच न्हाय. आई तिथनं जिती निघाली."

"त्या काही म्हणाल्या?"

"कधीच न्हाय. इचारलं असतं तर बरं झालं असतं."

चहा आला, आम्ही तो प्यायलो. त्यानंतर खेळात मी एकदाही बाहेर पळाले नाही. राक्षसाला मी भीत नव्हते, अण्णांच्या त्या चिरक्या हाकेला भीत होते.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी संध्याकाळी आम्ही खेळत असताना हेडफोनमध्ये भांडी पडल्याचा आवाज आला. "हललं," एवढंच बोलून महेश गेला. पडद्यावर अण्णांचा ढालवाला जागच्या जागी उभा होता. राक्षस त्याला मारत होता आणि त्याला चालवणारं कुणी नव्हतं.

पुढचं महेशनं फोनवर सांगितलं. सगळी गल्ली रस्त्यावर आली होती. अण्णा शेडमध्ये म्हणजे आधीच मोकळ्यात होते. ते उठले आणि घरात पळाले. लोक बाहेर या, बाहेर या म्हणून ओरडत राहिले, पण अण्णा आले नाहीत. जमीन लगेच शांत झाली. कुठे भिंतीला साधी चीरही पडली नव्हती.

नंतर भेटल्यावर अण्णांनी मला आतलं सांगितलं.

"आईपाशी जाऊन बसलो. तिनं डोळं उघडलं. म्हणली, एकटाच आलास व्हय? महानंदा कुठं हाय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, येतीया मागनं."

अण्णा पुन्हा कधी खेळायला आले नाहीत. त्या हिवाळ्यात आई गेल्या आणि वर्षभरात अण्णाही, दुकानात बसल्या जागी. पण जमीन हलली त्या संध्याकाळपासून ते घरात झोपत होते, आईच्या खोलीत. दार मात्र सताड उघडं असायचं. थंडीमुळे कुत्रं आत येतंय म्हणून महेश एकदा ते लावायला गेला, तर अंधारातून अण्णा म्हणाले, "असू दे रं. लावू नको."