उत्तर बाकी

दादा गेल्याची बातमी मी त्याच्याच मेलवरून कळवली. दुसरा इलाज नव्हता. त्याच्या माणसांचे पत्ते त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होते आणि वहिनींना त्या टेबलाशी जाऊन बसायचा धीर होईना. मी चार ओळी लिहिल्या, खाली माझं नाव घातलं, ‘त्याची धाकटी बहीण’ असंही लिहिलं. पण मेल उघडण्याआधी समोरच्याला पाठवणाऱ्याचं नाव दिसतं आणि ते दादाचंच दिसणार, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. रिफायनरीत त्याच्या हाताखाली काम केलेल्या एका गृहस्थांचा फोन आला. बिचारे रडत होते. म्हणाले, नाव बघून वाटलं, साहेब बरे होऊन पुन्हा टेबलाशी बसले… मी त्यांची क्षमा मागितली. संध्याकाळपर्यंत उत्तरांचा ढीग पडला. कोणी बडोद्यातलेच, कोणी पुण्याचे, कोणी आखातातले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मला मात्र त्या ढिगाकडे बघून वाटत होतं, की मेल्यावरही गेली नसणार. एवढ्या जणांना उत्तरं कधी द्यायची म्हणून हा तिकडे जीव टांगणीला लावून बसला असेल.

कारण आलेल्या पत्राला उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारणं, असं दादाला वाटायचं. हे आमच्या आजोबांकडून आलेलं. ते संस्थानच्या नोकरीत कारकून. हातातला कागद निरुत्तर राहिला तर त्यांना जेवण गोड लागायचं नाही म्हणे. दादानं इंजिनिअर होऊन रिफायनरीत जन्म काढला, पण रक्त आजोबांचंच. दिवाळीला कंपन्या छापील शुभेच्छा पाठवतात ना, त्यांनाही हा ‘आभारी आहे’ असं लिहायचा. मी म्हणायची, अरे, ते यंत्र पाठवतं, तिकडे माणूस नाहीये. तर म्हणायचा, “शांती राख, शुभे. असलाच एखादा माणूस तर?” हे ‘शांती राख’, म्हणजे जरा धीर धर, त्यानं आयुष्यभर गुजराती शेजाऱ्यांकडून उचललेलं, आणि मला त्यानं हमखास राग यायचा. पत्रं जाऊन मेल आले तेव्हा त्यानं एक हट्ट धरला, की आपली पत्रं दुसऱ्याच्या घरात राहता कामा नयेत. आलेला प्रत्येक मेल तो स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा आणि मेलच्या कंपनीकडचा पुसून टाकायचा. मग त्याचे ते फोल्डर. घर, मित्र, दवाखाना, रोहन… रोहन म्हणजे त्याचा एकुलता एक मुलगा, कॅनडात असतो. हे फोल्डर देवघरातली भांडी लावावीत तसे लावलेले असायचे.

आता माझं सांगते. आई गेली तेव्हा दादा आखातात होता, कंपनीनं पाठवलेल्या कामावर. आई माझ्याकडेच राहायची, बडोद्याच्या वाडी भागातल्या घरात. तिला अतिदक्षता विभागात ठेवलेलं. नाकातोंडात नळ्या, आणि ती नळ्या ओढते म्हणून हात पलंगाला बांधलेले. डॉक्टर म्हणाले, यंत्रावर आणखी काही दिवस निघतील, पण परत उठायच्या नाहीत. दादाचा फोन लागत नव्हता. मी एकटीनं ठरवलं आणि आईला घरी आणलं, तिच्या खाटेवर, तिच्या गोधडीत. दुसऱ्या दिवशी ती गेली. दादा पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. नातेवाइकांनी तोंडसुख घ्यायचं ते घेतलं. मुलगा येईपर्यंत तरी धरून ठेवायची होती, असं आमच्या एक काकू त्याच्या देखत म्हणाल्या, आणि दादा काहीच बोलला नाही. ‘शुभीनं केलं ते बरोबर केलं’ एवढं म्हणाला असता तरी मला जन्माला पुरलं असतं. समोरासमोर विचारायची माझी छाती झाली नाही. तो परत गेल्यावर मी त्याला मेल लिहिला. दादा, मी चुकले का? खरं सांग.

त्याचं उत्तर आलं नाही. छापील शुभेच्छांचे आभार मानणाऱ्या माझ्या भावानं मला उत्तर दिलं नाही. आमचं बोलणं थांबलं असं नाही. तो निवृत्त होऊन बडोद्याला आला, माझ्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर फ्लॅट घेतला, दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला. भांडलो, हसलो, रोहनचं लग्न केलं. पण ते मनातून गेलं नाही. एखाद्या रविवारी तो गप्प बसला की मला वाटायचं, आईचा विचार करतोय आणि मला दोष देतोय. मी जिभेची तिखट, सगळ्यांना माहीत आहे. जगाला तोंडावर सुनावते. ही एक गोष्ट मात्र मला विचारता आली नाही.

गेल्या वर्षी दादाच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि घरी आलं की पिळून वाळत घातल्यासारखा पडून राहायचा. तेवढ्यात त्याचा कॉम्प्युटर रोज सांगू लागला, की ही जुनी व्यवस्था आता चालणार नाही, नवी घ्या. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केलं असतं. दादाला मात्र विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय चैन कुठली? डायलिसिसला निघताना त्यानं ‘होय’वर बोट ठेवलं, म्हणाला, आपण येईपर्यंत होऊन जाईल. झालं. घरी येऊन बघतो तो पडदा नवा, रंग नवे, आणि मेल उघडला तर डावीकडची सगळी नावं नाहीशी. एक रिकामी पेटी, बाकी काही नाही. मी पोचले तेव्हा तो खुर्चीत बसून त्या कोऱ्या जागेकडे बघत होता. “शुभे,” तो म्हणाला, “माणसं दिसत नाहीयेत.”

मी म्हटलं, जुने मेल ना, जाऊ देत, जीवापेक्षा का मोठे आहेत? तो ऐकेना. तेव्हा स्वयंपाकघरात नेऊन वहिनींनी मला सांगितलं, की त्यात ‘उत्तर बाकी’ नावाचा एक फोल्डर होता. ज्याला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, नीट विचार करून लिहायला हवं, असा मेल आला की तो त्यात ठेवायचा. काही वर्षानुवर्षं पडून होते म्हणे. कोणाला काय लिहायचं राहिलंय, हे दादाला आता आठवत नव्हतं, आणि कोणीतरी वाट बघत असेल ही टोचणी त्याला लागली होती. मी हातातला कप खाली ठेवला. असा फोल्डर आहे हेच मला ठाऊक नव्हतं. म्हणजे माझा मेल एक तर त्यात होता, नाहीतर त्यानं पुसून टाकला होता. आणि दोन्हींपैकी काय, ते कळायची सोय त्या मेल्या अपग्रेडनं बंद केली होती.

वाडीतल्या दुरुस्तीच्या दुकानात यंत्र नेलं. दुकानदारानं दोन बटणं दाबली आणि म्हणाला, “मासी, जूनुं तो गयुं. हवे नवेसरथी चालू करो.” नव्यानं सुरू करा! दादाच्या हाताशी नव्यानं सुरू करण्याएवढे दिवस होते कुठे? डायलिसिसच्या खुर्चीत पडल्या पडल्या तो नावं आठवायचा. सावली गावचा तो अमका, त्यानं मुलीबद्दल काहीतरी विचारलं होतं. वाघोडियाच्या कारखान्यातला एक जण नोकरी सोडू का म्हणत होता… त्यापुढचं आठवायचं नाही आणि डोळ्यांत पाणी यायचं. एकदा मी वैतागून म्हटलं, वाट बघणारे केव्हाच विसरून गेले असतील.

“उत्तराची वाट बघणारा विसरत नाही गं,” दादा म्हणाला.

हा कोणाबद्दल बोलतोय हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं.

मग मीच कंबर कसली. मी काही कॉम्प्युटरवाली नव्हे. शाळेच्या कार्यालयात टायपिंगपासून पगारपत्रकापर्यंत सगळं केलं, एवढीच माझी विद्या. पण हट्टाला पेटले की मी कोणाच्या बापाला ऐकत नाही. दुपारी दादा झोपला की मी बसायची, मदतीची पानं शोधून वाचायची. हळूहळू उलगडलं. अपग्रेडनं काही फेकलंच नव्हतं. नव्या सुनेनं स्वतःची भांडी मांडावीत आणि सासूची माळ्यावर टाकावीत, तसं झालं होतं. मेलच्या प्रोग्रामनं नवं बिऱ्हाड थाटलं, आणि जुनं सगळं एका लपवलेल्या जागी बांधून पडलं होतं. लपलेले फोल्डर दाखव असं यंत्राला सांगितलं, तेव्हा ते दिसलं. आकारानं चांगलं दांडगं. आधी त्याची एक नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली, मग मेलला तो जुना पत्ता दाखवला आणि पुन्हा उघडलं. डावीकडे नावं यायला लागली. घर. मित्र. दवाखाना. रोहन. सगळ्यात खाली, उत्तर बाकी.

मी तो उघडला आणि थेट तळाशी गेले. सगळ्यात जुना मेल माझा होता. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, मध्ये यंत्रं बदलली, घर बदललं, आणि दरवेळी त्यानं तो बरोबर नेला होता. मी पदर तोंडाला लावला… वहिनी धावत आल्या. त्यांना वाटलं, काही सापडलं नाही. दादाला उठवून आणलं. चष्मा लावून तो एकेक नाव वाचत गेला, हा आहे, ही आहे, हाही आहे म्हणत, लग्नघरी पाहुणे ओळखावेत तसा. माझ्या नावाशी आल्यावर बोट थांबलं.

मग रोज दुपारी आम्ही उत्तरं लिहायला बसलो. तो सांगायचा, मी टाइप करायची. सावलीच्या गृहस्थांनी मुलीला कोणत्या शाखेत घालू म्हणून विचारलं होतं. ती मुलगी एव्हाना नोकरीलासुद्धा लागली असेल. तरी दादानं क्षमा मागून लिहिलं, की तिनं काय घेतलं ते कळवा, ऐकायला आवडेल. दोन दिवसांत तिचंच उत्तर आलं, ‘काका, मी इंजिनिअर झाले.’ दादा दिवसभर ते सगळ्यांना सांगत होता, डायलिसिसच्या नर्सलासुद्धा. उत्तर गेलं की तो मेल त्या फोल्डरातून हलवायचा. असं करत करत एकच उरला. “याचं मी बघतो,” तो म्हणाला आणि मला घरी पाठवलं. पुढच्या आठवड्यात त्याला ताप भरला.

संसर्ग रक्तात पसरला होता. डॉक्टर म्हणाले, अतिदक्षता विभागात हलवतो, बहुतेक यंत्र लावावं लागेल, पुढचं सांगता येत नाही. रोहन तिकडून निघाला होता, पण विमानाचा पल्ला मोठा. वहिनी रडत म्हणत होत्या, तो येईपर्यंत तरी ठेवू या. मी भिंतीला टेकून उभी होते. आता ह्यात मी एक अक्षर बोलणार नाही, असं ठरवलं होतं. एकदा बोलले तेवढं पुरे झालं. दादा शुद्धीवर होता. त्यानं खुणेनं मला जवळ बोलावलं आणि तोंडावरचा मास्क बाजूला केला.

“शुभे, मला घरी ने. आईला नेलंस तसं.”

वहिनी रोहनचं नाव घेऊ लागल्या. त्यानं त्यांचा हात धरला. “तेव्हा मी नव्हतो,” तो म्हणाला. “ही होती, म्हणून आई घरी जाऊ शकली.”

मला रडू आवरलं नाही. डॉक्टरांपुढे, नर्सपुढे, वॉर्डातल्या परक्या माणसांपुढे मी ओक्साबोक्शी रडले, आणि मग डोळे पुसून त्याच्या घरी जाण्याचे कागद करायला गेले.

घरी आल्यावर त्याच्याशी थोडं बोलता आलं. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही रे लिहिलंस? थांबत थांबत त्यानं सांगितलं. अनेकदा लिहायला बसायचो. तू बरोबर केलंस, एवढं लिहून भागणार नव्हतं. आईच्या वेळी मी पोचलो नाही, हे लिहावं लागलं असतं, आणि ते हातून उतरत नव्हतं. काकूंचा टोमणा वेळेवर न पोचलेल्या मला होता, तुला नाही, असं मी धरून चाललो… एवढं बोलून त्यानं डोळे मिटले. म्हणजे इतकी वर्षं आम्ही दोघं एकाच गोष्टीनं पोळत होतो, दर रविवारी एकाच टेबलाशी बसून. मला त्याचा फार राग आला आणि त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं, दोन्ही एकदम. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. वहिनी त्याच्या कपाळावर हात ठेवून बसल्या होत्या.

माझा मेल अजून त्या फोल्डरातच आहे. तो हलवायला दादा पुन्हा टेबलाशी बसला नाही, आणि मी हलवणार नाही.

रोहन पोचला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दादाला पोचवून आल्यानंतर. दार मीच उघडलं. हातात बॅग, चेहरा उतरलेला, आणि माझ्याकडे बघून त्यानं पहिलं तेच विचारलं, “आत्या, बाबांना मी येईपर्यंत यंत्रावर ठेवता आलं नसतं का?” वहिनी आतून म्हणाल्या, आधी त्याला आत तर येऊ दे, पाणी दे. मी त्याला उंबऱ्यातच धरलं आणि बाबा काय म्हणाले, कोणाला म्हणाले, घरी कसे झोपले, ते सगळं त्याच्या हातातली बॅग खाली ठेवायच्याही आधी सांगून टाकलं.